उजवीकडची जागा

"तुमच्या उजवीकडे कोण चालतंय?"

पद्मजा दचकून थांबली. चौपाटीवर नुकतं उजाडत होतं. कालच्या सभेची चुरगळलेली पत्रकं वाळूत रुतली होती. विचारणारा तरुण सडसडीत होता. गळ्याला मफलर, बोटं शाईनं काळी.

"म्हणजे?"

"रोज बघतो मी. वाटेत होडी आली, की तुम्ही केवढं वळण घेता… जणू दोघांना जायचंय. आणि हात कोपरात असा दुमडलेला."

तिनं हाताकडे पाहिलं. खरंच दुमडलेला होता.

"बाबा असायचे," ती म्हणाली. "संचारबंदीच्या दिवसांत गेले."

तो वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला, लाटांच्या कडेला आला.

"मग मी इकडून चालतो."

"चपला भिजतील."

"भिजू देत. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितलीय. मला, तशी चपलांनाही."

किती महिन्यांनी तिच्या ओठांचा कोपरा हलला होता!

त्याचं नाव जयवंत. ठाकुरद्वारच्या एका छापखान्यात तो अक्षरांचे खिळे जुळवायचा. चळवळीची पत्रकं छापताना तिथे कुणाला श्वास घ्यायला सवड नव्हती. काम संपलं, की बाहेर येऊन हा विडी पेटवायचा आणि खोकायचा.

पद्मजाला पथ्यापाण्यातलं सगळं ठाऊक होतं. बाबांना हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर सकाळचं फिरणं, अळणी जेवण, दुपारची वामकुक्षी, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात अंथरूण… एकही नियम तिनं मोडू दिला नव्हता. आणि तरीही बाबा गेले. आता तिची पावलं फक्त सवयीनं चौपाटीवर येत. घरी ती पानावर बसायची आणि तशीच उठायची. आई पाठमोरी होऊन ताट उचलायची.

तरी एके दिवशी तिच्या तोंडून निघूनच गेलं, "विडी सोडा."

"सोडतो. तुम्ही जेवत जा."

"मी सौदे करत नाही."

"मग मी ओढतो," म्हणत त्यानं खिशात हात घातला.

"…बरं. जेवेन."

दुसऱ्या दिवशी तो आल्या आल्या म्हणाला, "काय जेवलात?"

"भाकरी."

"अख्खी?"

"अर्धी."

"वाटलंच मला. म्हणून मीही अर्धीच विडी सोडली!"

"लबाड आहात."

"आहेच. उद्या अख्खी खा, मग बघा माझा प्रामाणिकपणा."

ती हसली. हसताना नजर त्याच्या नजरेत गुंतली आणि सोडवता सोडवता गाल तापले. मग ती अख्खी भाकरी खाऊ लागली. तिला झोप लागू लागली. तो दूध पिऊ लागला, छापखान्यातून वेळेवर निघू लागला. विडीचा वास गेला आणि त्याच्या सदऱ्याला नुसत्या साबणाचा वास येऊ लागला. तो वास वाऱ्यावर आला, की तिला जयवंत दिसायच्या आधीच तो आल्याचं कळे… आणि छाती धडधडे.

फक्त खोकला थांबेना.

माघ सरता सरता एका सकाळी तो वाकून खोकला आणि रुमाल घाईनं मुठीत दाबला.

"दाखवा."

"काही नाही हो."

"जयवंत… दाखवा."

रुमाल लाल होता.

"कधीपासून?"

"तुम्ही भेटायच्या आधीपासून. म्हणून तर डॉक्टरांनी इकडे पाठवलं." तो समुद्राकडे बघत राहिला. "उद्या मिरजेला जायचंय, क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये. आता चांगली औषधं निघालीत म्हणतात. पथ्य पाळलं, की माणूस बरा होतो."

पथ्य पाळलं, की… तिला वाळूवर बसून हंबरडा फोडावासा वाटला.

"बाबांनीसुद्धा पाळलं होतं," ती म्हणाली.

"मी बाबा नाही."

"ठाऊक आहे."

"मला बरं करा म्हणत नाही मी, पद्मजा. वाट बघाल?"

लाट येऊन दोघांचे पाय भिजवून गेली. कुणीच मागे सरलं नाही.

"नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही मला फार हवे आहात. म्हणूनच नाही. दुसऱ्यांदा कुणाचं ताट मोजून वाढायचं, श्वासाकडे कान लावून झोपायचं आणि शेवटी… माझ्यात तेवढं उरलं नाही हो."

 त्यानं मफलर सारखा केला.

"बरं. येतो—"

"नको!" तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याला स्पर्श केला होता. "येतो म्हणू नका. बाबा इस्पितळात जाताना तेच म्हणाले होते."

तिच्या तळव्यावर त्याचा श्वास गरम लागत होता. हात काढायला हवा होता, पण तो निघत नव्हता. मग त्यानंच तो अलगद बाजूला केला.

"मग काय म्हणू?"

"काहीच नको. नुसते जा."

तो वळला. चर्नी रोडच्या पुलाकडे जाताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही. पुलावर चढताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि कठड्याला धरून तो थांबला. पद्मजाचं एक पाऊल पुढे पडलं… आणि तिथंच थिजलं. तो सरळ झाला, जिना चढून गेला.

सूर्य चांगला वर आला, तरी ती तिथंच उभी होती.