मधल्या खोलीतला आवाज

मुलीने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. एक रुमाल, एक घड्याळ, आणि टपालाच्या पाकिटाचा फाडलेला कोपरा. कोपऱ्यावर परदेशी तिकीट होतं.

"बाबांच्या खिशातलं हॉस्पिटलने एवढंच परत दिलं," ती म्हणाली. "सोळा दिवस झाले. ते गेले कसे, ते मला कळायला हवं."

वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तीस वर्षं त्यांनी कोर्टात लघुलेखन केलं होतं, आणि निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून लोकांची कोडी सोडवायला घेतली होती. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांना सगळं गाव भाऊजी म्हणे. भाऊजींना प्रत्येक प्रकरणातला गुन्हेगार पहिल्या पाच मिनिटांत सापडे, आणि तो दर वेळी चुकीचा निघे. तरी त्यांचा उत्साह काही कमी होत नसे.

मुलीचे वडील मध्यस्थ होते. मुळातले वकील, पण कोर्टाची पायरी चढायचे नाहीत. देशोदेशींचे व्यापारी मालावरून, करारावरून भांडत, आणि हे विमानाने जाऊन दोघांना समेटावर आणत. बावीस वर्षं एकच दुभाषी त्यांच्याबरोबर हिंडला.

"काकाच म्हणते मी त्यांना. परत आल्यावर बाबा माझ्या वहीसाठी तिकिटं द्यायचे, काका गोष्टी सांगायचे. त्यांनी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. आमचंच घर त्यांचं." तिने घड्याळ मुठीत घेतलं. "आणि आता ऑफिसातली टायपिस्ट म्हणते, काकांनीच बाबांना ढकललं. काकांना विचारलं तर ते मान खाली घालून बसतात. डॉक्टरांना हार्ट अॅटॅकही दिसला आणि टेबलाच्या कडेची खोकही. आधी काय झालं ते सांगता येत नाही म्हणाले. माझं बाकी कोणी उरलेलं नाही हो. ह्या माणसाला घरात घेऊ की नको, तेवढं मला सांगा."

वहिनींनी पाकिटाचा कोपरा उजेडात धरला. "ह्या देशाची तिकिटं खूप असतील तुझ्याकडे?"

"पूर्वी खूप यायची. दोन वर्षांपूर्वी बाबांनी तिथलं काम घेणंच बंद केलं. का, ते कधी सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांची झोप मात्र उडाली होती."

मध्यस्थांच्या ऑफिसात ओळीने तीन खोल्या होत्या. एका टोकाला एक पक्ष, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मधली मध्यस्थांची. एका खोलीत ऐकलेलं परवानगीशिवाय दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही आणि बाहेर तर कधीच काढायचं नाही, हा तिथला नियम. बैठक संपली की कागद पट्ट्या करणाऱ्या यंत्रात घालायचे.

टायपिस्ट मधल्या खोलीकडे पाठ करून बसली होती. भिंतीवरची खुर्चीची सावली हलली तरी ती दचकत होती.

"मी दाराशी फाईल घेऊन गेले होते," ती म्हणाली. "आतून दुभाष्यांचा आवाज आला. थांबत थांबत बोलत होते. 'माझा मुलगा तुमच्या गप्प बसण्यामुळे गेला. तुम्ही सुखाने जगता, हे मला बघवत नाही.' अगदी अस्सं. माझ्या तर अंगावर काटा आला."

"मग?"

"मग साहेब बोलायला लागले. हळू आवाजात. थोडं बोलायचे, थांबायचे, परत थोडं बोलायचे. शब्द कळले नाहीत. दहा मिनिटं तसंच चाललं, आणि धाडकन पडल्याचा आवाज. अॅम्ब्युलन्स गेल्यावर दुभाषी परत आत आले आणि ते यंत्र घरघरलं. पुरावाच नष्ट केला म्हणायचा!"

"आत तिसरं कोणी होतं?"

"चिटपाखरू नाही. सकाळी टपालाचा गठ्ठा ठेवायला मी गेले, तेवढीच." तिने पदराने कपाळ पुसलं. "बाई, दुसरं सांगू? मी नोकरी सोडतेय. रोज दुपारी चारला त्या बंद खोलीतून बोलणं ऐकू येतं. साहेबांचीच ढब. तसंच थांबत, तसंच हळू."

भाऊजींनी आपली खुर्ची वहिनींच्या जवळ ओढली.

दुसरा साक्षीदार लोकरवाला व्यापारी. त्याच्या गोदामात लोकरीच्या गाठी छताला टेकल्या होत्या, आणि त्याला शिंकांमधून सवड मिळेल तेवढंच बोलता येत होतं.

"माझं भांडण परदेशातल्या पुरवठादाराशी. त्याचं विमान चुकलं, म्हणून बैठक दुसऱ्या दिवसावर गेली. मी आपला टोकाच्या खोलीत मध्यस्थांची वाट बघत होतो."

"म्हणजे त्या दिवशी दुभाष्याला कामच नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"नव्हतंच की. पण मध्यस्थांनी मुद्दाम फोन करून बोलावलं त्याला, माझ्यादेखत. नंतर तो धावत माझ्याकडे आला, डॉक्टरला बोलवा म्हणून. चेहरा पांढराफटक. शर्टाच्या खिशावर शाईचा हा एवढा डाग, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला ओळखेचना! चष्मा काढला तेव्हा म्हणाला, 'तुम्ही होय.' त्याला लांबचं चांगलं दिसतं म्हणे, जवळचंच दिसत नाही."

रस्त्यावर येताच भाऊजींनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, स्वच्छ आहे. बावीस वर्षं परदेशात येजा. तिकडे गुपचूप संसार थाटला असणार. त्यातला मुलगा मध्यस्थांच्या चुकीने गेला, आणि ह्याने सूड घेतला."

"आणि सूड घेताना जवळचा चष्मा कशाला लावला, भाऊजी?"

"नीट नेम लागावा म्हणून," भाऊजी म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही.

दुभाषी एका खोलीत राहत होता. बॅग भरलेलीच होती, आयुष्यभराच्या सवयीने. त्याने दोघांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभा राहिला.

"त्या खोलीत काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मुलगी तुम्हाला खुनी समजेल."

"समजू दे. तिच्या वडिलांबद्दल तिला चांगलंच वाटत राहू दे."

एवढं बोलून त्याने दोघांसाठी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी मधल्या खोलीच्या बंद दाराशी कान लावून उभ्या राहिल्या. बरोबर चार वाजता आतून पुटपुटणं सुरू झालं. एक वाक्य आपल्या भाषेत, मग तेच कुठल्याशा परक्या भाषेत. थोडी शांतता. पुन्हा तेच वाक्य, आणि ते प्रत्येक वेळी मध्येच तुटत होतं. भाऊजींना घाम फुटला. टायपिस्ट जिन्यात जाऊन उभी राहिली.

वहिनींनी फोन करून मुलीला बोलावलं आणि ती आल्यावर दार ढकललं. दुभाषी टेबलाशी बसला होता. समोर अर्धा लिहिलेला कागद, नाकावर चष्मा. भूतबीत काही नव्हतं. पण त्या माणसाकडे बघून मुलीला भुताहून जास्त भीती वाटली, इतका तो खंगला होता.

"बसा सगळे," वहिनी म्हणाल्या. "टायपिस्टबाई, तुम्ही ऐकलं ते खरं, लावलात तो अर्थ चुकला. दुभाषी काम करताना 'ते म्हणतात' असं म्हणत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की तोही 'मी' म्हणतो. कोर्टात मी हे रोज लिहून घेतलंय. ह्यांना मूल नाही. मुलगा गेला तो दुसऱ्या कुणाचा."

"पण आत बोलणारा दुसरा नव्हता ना!" भाऊजी म्हणाले.

"म्हणून तर चष्मा. बोलणं ऐकायला चष्मा लागत नाही, वाचायला लागतो. त्या दिवशी बैठक नव्हती, तरी ह्यांना मुद्दाम बोलावलं. सकाळच्या टपालात एक पत्र आलं होतं, मध्यस्थांना न येणाऱ्या भाषेतलं. आत काय आहे ते कळायच्या आधीच त्यांनी सवयीने लेकीसाठी तिकीट फाडून खिशात ठेवलं. जिथलं काम त्यांनी सोडलं होतं, त्याच देशाचं तिकीट. बैठक नसताना यंत्रात गेलं ते हेच पत्र. बरोबर?"

दुभाष्याने समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"आता ढकलण्याचं. मध्यस्थ दहा मिनिटं थोडं बोलत होते, थांबत होते. भांडणारा माणूस असा थांबत नाही. मजकूर सांगणारा थांबतो, लिहिणाऱ्याचा हात पोचावा म्हणून. साहेब सांगत होते आणि हे त्या पत्राचं उत्तर लिहून घेत होते. साहेब कोसळले, तसे हे उघडं पेन खिशात कोंबून धावले. तोच तो शाईचा डाग. मुली, ह्यांनी तुझ्या वडिलांना ढकललं नाही. सावरायला धावले, पण हात पोचला नाही."

मुलगी तोंड झाकून रडू लागली. टायपिस्टने शरमेने मान वळवली.

"मग सांगितलं का नाहीत, काका?"

"खोलीतलं बाहेर काढायचं नाही, हा साहेबांचा नियम. मी तो बावीस वर्षं पाळला."

वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पत्रात काय होतं मला माहीत नाही. पण गप्प बसण्याने एक मुलगा गेला, असं त्यात होतं. तुम्ही आता आणखी गप्प बसणार? इतके दिवस ही मुलगी त्याच गप्प बसण्यात जळतेय."

दुभाष्याने चष्मा पुसला.

"रंगाचा कारखाना होता. मालावरून भांडण. खासगी खोलीत मालकाने कबूल केलं, बॉयलर धोक्याचा आहे. साहेबांनी समेट घडवला, मालकाला तो बदलून घ्यायला सांगितलं, आणि नियमाप्रमाणे बाहेर काही बोलले नाहीत. मालकाने बदलला नाही. वर्षाने बॉयलर फुटला, आणि साहेबांनी तिथलं काम घेणं सोडलं. पत्र त्यात गेलेल्या कामगाराच्या आईचं. साहेबांना आधीच ठाऊक होतं, हे तिला मालकाच्या चौकशीतून कळलं."

"बाबांनी उत्तर काय दिलं?"

त्याने कागद उचलला. बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज त्याचा राहिला नाही.

"'बाई, मला ठाऊक होतं. नियम होता, हे खरं. पण मी नियमासाठी गप्प बसलो नाही. माझं नाव खराब झालं असतं, पुढची कामं गेली असती, म्हणून बसलो. माफी मागायचा मला हक्क नाही. मला एक मुलगी आहे. ती तुमच्या मुलाच्या जागी असती तर मी...'"

तो थांबला.

"इथेच साहेब गेले. टायपिस्टबाई जेवायला गेल्या की रोज येऊन बसतो. चार वाजता, ते कोसळले त्या वेळेला, त्यांच्यासारखं बोलून बघतो, पुढचं कदाचित येईल म्हणून. येत नाही. आणि माझ्या पदरचा शब्द त्यात घालायचा मला अधिकार नाही."

मुलीने त्याच्या हातातून कागद घेतला आणि दोनदा वाचला. वडिलांबद्दलचा राग, कीव आणि माया, सगळं एकदमच तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. भाऊजी खिडकीकडे वळून नाक शिंकरत राहिले.

"हे टपालात टाकू नका," ती शेवटी म्हणाली. "त्या आईसमोर मी जाऊन बसते. पुढचं मी बोलेन. मला तिची भाषा येत नाही, काका. तुम्ही याल ना माझ्याबरोबर?"

"येईन," दुभाषी म्हणाला. ह्या वेळी आवाज त्याचा स्वतःचा होता.