गजराची चावी

"गजर कुणी बंद केला?"

घड्याळजीचा आवाज एवढा चढला, की भिंतीवरची दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळंही क्षणभर टिकटिक विसरली असावीत! पहाटेच मनोऱ्याच्या घड्याळाचं काम करायला गेलेला हा माणूस सव्वानऊला घरी परतला, तर लेक चिमणी अंथरुणात गाढ झोपलेली... आणि वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर आठलाच सुरू झालेला!

"ऊठ, कुंभकर्णाची नात!" त्यानं हात उगारला, तशी आत्या मध्ये आली.

"तिच्यावर नको रे हात टाकूस... गजर मीच बंद केला."

उगारलेला हात हवेतच थिजला. बारा वर्षांपूर्वी त्याची बायको देवाघरी गेली, तेव्हा चाललेला शिवणवर्ग बंद करून, एक पिशवी घेऊन या घरात आलेली ही थोरली बहीण. तिनं या पोरीला तळहातावरच्या फोडासारखं वाढवलं, आणि आज तिनंच असं करावं?

"ताई, तू? अगं, वैरीण तरी असं करील का?"

चिमणी डोळे चोळत उठून बसली. घड्याळाकडे तिची नजर गेली आणि ती मोठ्यानं रडू लागली. "आत्या, माझं वर्ष घालवलंस तू! मला तोंड नको दाखवूस!"

भावाचं बोलणं आत्यानं पदरात घेतलं होतं. पण हे शब्द... हे काळजाच्या आरपार गेले! देवा, लेकराच्या तोंडून एवढंच ऐकायचं राहिलं होतं का?  आत जाऊन तिनं पेटीतली दोन लुगडी काढली आणि घड्या घालून पिशवीत भरायला घेतली.

बाहेर घड्याळजी धुसफुसत होता. "उद्या विज्ञान आहे. आता मी स्वतः उशाशी बसतो, बघतो कोण हात लावतं ते!" रागारागानं त्यानं चिमणीच्या उशाशी असलेलं गजराचं घड्याळ उचललं आणि गजराची चावी पिळली. एक फेरी. दोन. तीन. चावी फिरतच राहिली... सहा, सात...

त्याची बोटं थांबली. गजर बटण दाबून बंद केला असता, तर स्प्रिंग ताठ राहून चावी पहिल्याच फेरीत अडली असती. ही तर पार ढिली! म्हणजे गजर वाजला होता, शेवटच्या घणघणाटापर्यंत वाजला होता, पोरीच्या कानापासून वीतभर अंतरावर. कुणीही तो बंद केला नव्हता.

"ताई..." तो दारात आला. चेहरा पांढराफटक. "खोटं का बोललीस?"

आत्यानं लुगडं खाली ठेवलं. "खरं सांगितलं असतं, तर मार कुणी खाल्ला असता? तीनदा गदागदा हलवलं रे मी तिला. डोळे उघडले आणि 'लिहितेय ना, बाई' म्हणाली... आणि पुन्हा मान टाकली. मग माझा हातच पुढे होईना. माझंही चुकलंच. पण चारला उठवतोस, शाळा, दोन शिकवण्या, मग बारापर्यंत वह्या! अरे, अंघोळीला जाते ती बादलीवर डोकं टेकून झोपते. ओरडून विचारतोस तू, कधी तिच्या डोळ्यांखाली बघितलंस?"

दाराआड उभी राहून चिमणी सगळं ऐकत होती. ती धावत आली आणि आत्याच्या कुशीत शिरली. "आत्या, मला ऐकूच आलं नाही गं... आणि मी तुला काय बोलले!"

"वेडाबाई, मनावर घेतलंय कुणी?" आत्या म्हणाली खरी, पण डोळे ऐकेनात.

घड्याळजीनं पायांत चपला सरकवल्या. "ही जेवली की निजू दे तिला. विज्ञान उद्या, झोप आज. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन येतो, फेरपरीक्षा मिळते का बघतो."

"काय सांगशील त्यांना? आजारी होती म्हणून?"

तो उंबऱ्यावर थबकला. कुणाचंही घड्याळ लावून देणाऱ्या त्या हातांनी चौकट घट्ट धरली.

"नाही. बापानं झोपू दिलं नाही, असं सांगेन."