मागच्या खोलीची कडी

आंदर मावळात जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत यशोधराला जांभई आली आणि समोरच्या पोरानंही लगेच तोंड वासलं. ती हसली... तिथंच फसली.

"माझी जांभई चोरली तुमी."

"चोरली नाही, लागली. मेंदूत काही पेशी असतात म्हणे, समोरच्याचं बघून जाग्या होतात."

पोराचं नाव गौरव. पुण्याला प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर काम करायचा. पोरीशी बोलायला दुसरा विषय नव्हता मेल्याकडं.

"मग हसू पण लागतं?"

"आत्ता लागलं की—"

"आणि भीती?"

"ती तर सगळ्यात आधी."

तो थट्टेत बोलला, पण ती खिडकीबाहेर बघू लागली. घरी तिच्या आईला, सरूबाईला, खिडकीत नसलेली माणसं दिसायची. लोणावळ्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, तरी मधूनच थरथरायची. यशोधरा तेच बघत वाढलेली. आपल्यालाही लागलं असणार... आत कुठंतरी दबा धरून बसलं असणार.

तरी प्रेम काय विचारून येतं? पुढं त्याच एसटीत भेटी वाढल्या. पावसानं भिजल्या एसटीत गुडघ्याला गुडघा लागला की ती शहारायची, आणि घरी येऊन रडायची.

शेवटी गौरव थोरल्या बहिणीला, समीक्षाला घेऊन मुलगी बघायला आला. यशोधराच्या आत्यानं आधीच शहाणपण केलं होतं. आजार कळला की पाव्हणे उठून जातात, म्हणून सरूबाईला मागच्या खोलीत घालून बाहेरनं कडी घातली. जयभीम झाला, पोहे आले, आणि आतून दार वाजलं. आधी हळू. मग जोरात.

"मांजर हाय," आत्या म्हणाली.

"मांजर दार ठोकतं?" समीक्षानं बशी खाली ठेवली.

यशोधरानं दाराकडं बघितलं. कडी काढली तर हा गेला. न काढावी तर आत आई रडतेय... ती उठली. कडी काढली.

"ही माझी आई. तिला नसलेली माणसं दिसतात. उद्या मलाबी दिसतील. बघून लागतं, तुमीच म्हणालात."

गौरवचा चेहरा उतरला. "मी उगाच बोललो गं. हे बघून लागत नाही. घराण्यात असलं तर धोका थोडा जास्त, खोटं कशाला सांगू. पण ठरलेलं काही नसतं."

"खिडकीत कोन हाय?" सरूबाई भिंतीला चिकटली होती.

"मला कुणी दिसत नाही, मावशी. पण तुम्ही भ्यालाय, ते दिसतंय. मी खिडकीपाशी बसू?"

तो खिडकीखाली भिंतीला पाठ लावून बसला.

"गौरव, निघायचं ना?" समीक्षानं विचारलं.

"तू हो पुढं, ताई."

यशोधरा त्याच्याजवळ टेकली. त्याचे हात गार पडलेले.

"भ्यालात?"

"लय."

"तरी बसलाय?"

"उठवलंस तर उठीन."

तिनं उठवलं नाही.