बारा किलोमीटर

जुन्या बाजारात माझ्या हातातला मीटर त्याने अलगद काढून घेतला, आणि मी तिथेच तडकले.

"आधी मी उचललाय!"

"हो, पण उलटा धरलाय. काटा निसटेल."

वर हसला! नखांत ग्रीस, खिशाला स्क्रूड्रायव्हर, आणि डोळे... जाऊ दे, मी रागात होते.

बाबा गेल्यावर काकांनी त्यांची गाडी मला न विचारता भंगारात काढली. तेव्हापासून मी तिचा स्पीडोमीटर शोधत होते. त्याआधी वर्षभर बाबांशी माझा अबोला होता. कडाक्याचं भांडण करून मी घर सोडलं आणि सहा किलोमीटरवर वरच्या मजल्यावरची खोली घेतली. आई म्हणायची, "तुझे बाबा एकदा तुला भेटायला निघाले होते गं गाडी घेऊन." मला ती आईची सारवासारव वाटायची. भांडणाच्या दिवशी गाडी मीच उभी केली होती. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा पाठ होता, ८४६१७. त्यानंतर भंगारवाल्याच्या ट्रकवर चढेपर्यंत ती गॅरेजातून हललीच नाही, असं काका छातीठोकपणे सांगायचे. खरं काय ते मीटरच सांगणार होता.

"या मॉडेलचे सगळे मीटर सारखेच दिसतात," तो म्हणाला. "तुमचाच कशावरून?"

मी मीटर परत हिसकावून मागची बाजू दाखवली. तारेच्या जागेवर लाल नेलपेंटचा ठिपका होता. बाबांची जोडणी चुकू नये म्हणून लहानपणी मीच लावलेला! मी मीटर सुलटा केला... पाच शून्यं.

"कोण शहाण्याने हे केलं?"

त्याचा चेहरा पडला. "मी... भंगारातून आणतो, दुरुस्त करून इथे विकायला ठेवतो. नव्यासारखा दिसावा म्हणून—"

"नव्यासारखा? माझ्या बाबांवर बोळा फिरवलात तुम्ही!"

मग भांडण, खोली, आईचं बोलणं, सगळं त्याच्या अंगावर ओतलं. आजूबाजूचे बघत होते, बघू देत. त्याने मात्र स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातातल्या मीटरचं मागचं झाकण उघडलं.

"उघडण्याआधीचा आकडा आत लिहून ठेवायचा, ही मला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी लावलेली सवय," तो हळूच म्हणाला.

आत पेन्सिलने लिहिलं होतं, ८४६२९.

बारा जास्त. सहा जायचे, सहा यायचे.

"मग बाबा वर का नाही आले?" मी त्याच्यावरच ओरडले. "दारातून परत गेले? एक हाक मारायला काय झालं होतं?" डोळ्यांना धार लागली होती आणि त्याचाही मला राग येत होता.

"धीर झाला नसेल," तो म्हणाला. "मी पाच रविवार तुम्हाला इथे बघतोय. दर वेळी बोलायला येतो... आणि परत जातो. काटा वगैरे काही निसटत नव्हता आज."

मी ओढणीने नाक पुसलं. मीटर त्याच्या हातात कोंबला, वर त्याची बाही घट्ट धरली.

"आज परत गेलात ना, तर याद राखा!"