ताई बास शिकली तेव्हा

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. पटलं नाही तर सोडून द्या. पण मला खोटं पाडण्याआधी एकदा माझ्या ताईला भेटा.

मी कान तपासतो. दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत पेशंटला बसवायचं, हेडफोन लावायचे आणि त्याला किती ऐकू येतं ते बघायचं, हे माझं रोजचं काम. खरा आवाज कुठला आणि भास कुठला, हे मला कळतं.

निदान कळायचं.

माझे दाजी एका हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये बास वाजवायचे. माणसापेक्षा उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं लाकडी वाद्य. दोन खोल्यांच्या घरात ते पलंगाला खेटून उभं असायचं. ताई त्याला ‘सवत’ म्हणायची. सवतीला पुसून झालं असेल तर माझे पडदे उचला, असं दाजींना सुनवायची. ताई पडदे शिवते.

गेल्या वर्षी दाजी गेले. छातीत कळ आली आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं.

सगळे म्हणाले, ते धूड विकून टाक. ताईने ऐकलं नाही.

दाजींकडे रियाजाचं एक छापील पुस्तक होतं. त्यात नुसत्या लिक होत्या. लिक म्हणजे सुरांचे छोटे छोटे तुकडे. ते बोटांत बसवून ठेवायचे आणि वाजवताना हवे तिथे काढायचे. ताईने ते पुस्तक शिलाई मशीनला टेकवून उघडलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणाली.

सुईने घट्टे पडलेली बोटं कामी आली. पहिली लिक बसायला फार दिवस गेले. पुढच्या मात्र भराभर बसू लागल्या. जरा जास्तच भराभर.

मग तो रविवार आला. संध्याकाळ होती, अजून चांगला उजेड होता. मी गेलो तेव्हा ताई दाजींच्या बँडचं रेकॉर्डिंग लावून बसली होती. त्यांचं तेवढं एकच आहे.

“इथे ऐक,” ती म्हणाली.

पियानो चालू होता. ड्रम चालू होते. आणि मध्येच...

बास थांबला.

क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाला.

मी म्हटलं, रेकॉर्डिंग खराब झालं असेल. पण तसं असतं तर पियानोही तुटला असता.

ताई उठली. तिने सवतीला कवेत घेतलं आणि आदल्या दिवशी बसवलेली लिक वाजवली. त्या रिकाम्या जागेत ती चपखल बसली.

मी ताईचे कान तपासले, स्वतःचेही तपासून घेतले. ठणठणीत. मग माझ्या फोनमधली कॉपी आवाजबंद खोलीत लावली. दाजींनीच कधीतरी पाठवली होती.

तिथेही तीच जागा... रिकामी.

त्यानंतर ताई एकेक लिक शिकत गेली आणि रेकॉर्डिंगमधून दाजी एकेक तुकड्याने कमी होत गेले. मी तिला थांब म्हटलं.

“ते तिथून निघून इकडे येतायत रे,” ती म्हणाली. “माझ्या बोटांत.”

आणि हसली. किती महिन्यांनी हसत होती. मी तिला पुन्हा अडवलं नाही.

एकदा ती वाजवत असताना मी दारातच थांबलो. दाजींना सवय होती, सूर छेडण्याआधी नाकाने जोरात श्वास घ्यायचे. आत तोच श्वास ऐकू येत होता.

ताईचा असेल, असं मला वाटलं. पण ताई तर गुणगुणत होती... न थांबता.

हळूहळू रेकॉर्डिंगमध्ये बास उरलाच नाही. पियानो आणि ड्रम, बस्स.

त्याच सुमारास बँडचे पियानोवाले भेटायला आले. दाजींचे जिवलग. ताईने मोठ्या हौसेने त्यांना वाजवून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, कुणाकडे शिकलात?

ताई म्हणाली, अहो, हे तर ह्यांचंच वाजवणं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

“वहिनी, तो इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा असायचा, तेवढं आठवतं,” ते म्हणाले. “पण वाजवायचा कसा, ते काही केल्या आठवत नाही.”

आणि एवढा मोठा माणूस ओंजळीत तोंड लपवून रडला.

ते गेल्यावर ताईने पुस्तक मिटलं. शेवटची थोडी पानं शिकायची राहिली होती. सवतीवर चादर टाकली. मग माझा हात धरून म्हणाली, मी त्यांना ठेवून घ्यायला बघत होते रे, घालवायला नाही. त्या दिवसापासून तिने तारेला बोट लावलेलं नाही.

पण...

ती शिवायला बसली की तिचा डावा हात कापडावर हलतो. तिला पत्ताही नसतो. पुस्तकात सुरांवर कुठलं बोट लावायचं त्याचे आकडे छापलेले आहेत. एका संध्याकाळी मी तिच्या मागे उभं राहून ते ताडून पाहिले.

तिची बोटं शेवटच्या पानांवर होती. जी तिने कधी उघडलीच नव्हती.

मी तो हात धरून ठेवला. माझ्या मुठीतही बोटं हलत राहिली.

परवा तिने शिवता शिवता मशीन थांबवलं.

“ह्यांचा आवाज कसा होता रे?” तिने विचारलं. “बोलण्याचा. जाड होता, की कसा?”

सांगायला मी तोंड उघडलं. दाजी डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट उभे राहिले. नेहमीसारखे माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होते.

ओठ हलत होते...

आवाज नव्हता.