इंजिनाचा पाय आणि तांब्याचं कडं

"मामा, बेटापर्यंत बोट मी चालवू का?"

"विचारूनच दाखव!" असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. शिवकन्येनं विचारलंसुद्धा! निवृत्तीमामा लिंबोटीच्या धरणात मासे धरायचा. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "चालव. पण दिवे लागायच्या आत घरी! न्हाई तर अक्का मला जित्ता सोडायची न्हाई."

अक्का म्हणजे शिवकन्येची आई. तिचा आणि वडिलांचा, आप्पांचा, हुकूम साफ होता: उशीर झाला, तर बोटीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

बेटावर चित्रबलाक पक्ष्यांची घरटी होती. शाळेतल्या एकाही मुलीनं ती पाहिली नव्हती! नागुमामी भाकरीचं गाठोडं घेऊन मधे बसली, मामा पुढं, आणि इंजिनाचा दांडा शिवकन्येच्या हातात. बोट पाणी कापत निघाली. दोन्ही बाजूंनी बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर डोकावत होते.

धाड!

पाण्याखालच्या खोडावर आपटून इंजिन कण्हलं. मागं पाण्यावर तेलाचा रंगीत पट्टा पसरला.

"बंद कर! बंद!" मामा ओरडला. वल्ही मारत त्यांनी कसंबसं बेट गाठलं. काठाच्या खडकावर एक वल्हं कडकन मोडलं!

मामानं इंजिन वर उचललं. पाण्यात बुडणारा त्याचा अल्युमिनियमचा पाय पोळ्याला रंगवलेल्या बैलासारखा निळाशार होता. पण पंख्याच्या वर तांब्याचं एक कडं आवळलं होतं, आणि त्याच्याभोवती रंगाला फोड आले होते.

"हे कुणी बांधलं?"

"मी!" मामी ऐटीत म्हणाली. "नव्या रंगाला नजर नको लागाया."

"मामी, नजर परवडली असती गं! तांबं नि अल्युमिनियम एकमेकांना चिकटून पाण्यात राहिली, की अल्युमिनियम झिजतं. सरांनी शिकवलंय."

"तुझे सर कधी बोटीत बसलेत का?"

शिवकन्येनं नखानं एक फोड फोडला. आतून पांढरी भुकटी भसकन सांडली. खाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, त्यातून तेल पाझरत होतं!

मामीनं कडं सोडवून कनवटीला खोचलं. "आता बघत काय राहिली? घास की!"

मामाच्या पेटीत सगळं होतं. शिवकन्येनं घासकागदानं जुना रंग खरवडला, भुकटी काढली, चकचकीत धातू दिसेपर्यंत हात थांबवला नाही. पाय धुऊन कोरडा केला. दोन पुड्यांतली बुजवणीची लांबी कालवून भोकात दाबली, भोवतीच्या उघड्या धातूवर अस्तराचा हात मारला. टेकाडापलीकडून पक्ष्यांचा कलकलाट येत होता, पण तिकडं बघायला फुरसत कुणाला!

ऊन कललं.

"वरून रंग मार, मी तेल भरतो," मामा घाई करू लागला. "अर्ध्या तासाचं तर पाणी हाय."

तिलाही निघायचंच होतं. उशीर म्हणजे बोट कायमची बंद! तिनं लांबीवर हळूच बोटाचं टोक टेकवलं. खड्डा पडला.

"नाही मामा. मधेच लांबी निघाली, तेल गेलं, तर गिअर जाम होतील. वल्हं एकच उरलंय, नि वारा बाभळींकडं ढकलतोय."

"अन् अक्का?"

"फोन इकडं दे."

पलीकडून आईचा आवाज आला, तशी शिवकन्या ताठ उभी राहिली.

"आई, आप्पांनाही ऐकू दे. इंजिनाच्या पायाला भोक पडलंय. मी बुजवलंय, पण वाळायला सकाळ होईल. मामा निघू म्हणतोय, मीच नको म्हणतेय. पुन्हा मला बोटीत पाठवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण आज ही बोट पाण्यात जाणार नाही. आम्ही तिघं बेटावरच राहणार!"