सातच्या पुढे तीन

ह्या माणसाला दहापर्यंत मोजता येत नाही, असं तिला पहिल्याच दिवशी वाटलं.

फिजिओथेरपीच्या त्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत तो बसला होता. डाव्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, आणि मुठीत मऊ पिवळा चेंडू. दहादा दाबायचा, मग विश्रांती, एवढं सोपं काम तिने दिलं होतं. पण हा पठ्ठ्या सातवर पोचला की क्षणभर डोळे मिटायचा आणि पुन्हा एकपासून सुरू. कामचोर पेशंट तिने ढिगाने पाहिले होते. कुणाला नेमका सहाव्या वेळी फोन यायचा, कुणी चेंडू हळूच पिशवीत सारायचं. ही तऱ्हा मात्र नवीन होती.

"सातच्या पुढे अजून तीन असतात," ती म्हणाली.

"माहीत आहे हो. पण माझ्या सातनंतर एकच येतो... वाईट सवय म्हणा हवं तर."

असं म्हणून तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जायची, जणू दुसरीला विनोद कळलाच नव्हता. तिने घाईघाईने त्याच्या मनगटाकडे बघितलं. तिचं काम तेच होतं ना.

हळूहळू कळलं ते असं. तो एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. जॅझ आणि रॉक यांची अशी काही मिसळण, की नाचायला जावं तर पायात पाय अडकावेत. ड्रम्सवर त्याची सख्खी मोठी बहीण, जिला सगळा बँड ताईच म्हणायचा. कीबोर्ड जिन्यावरून उतरवताना तो घसरला, तेव्हा त्याने कीबोर्ड वाचवला आणि मनगट मोडून घेतलं. आता पुढच्या महिन्यात कार्यक्रम होता, आणि त्यात त्याने स्वतः रचलेली गत पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होती. तीन वर्षं त्याने त्या गतीपायी रक्ताचं पाणी केलं होतं. तिच्यात उजवा हात चारच्या चालीने जायचा आणि डावा सातच्या. दोघं आपापल्या वाटेने हिंडायचे, आणि बऱ्याच वेळाने कुठेतरी समेवर भेटायचे. मनगटाला पट्टा बांधून मी वाजवणारच, असं त्याने अगदी सहज सांगितलं.

तिचं डोकंच फिरलं. "हाड आत्ता कुठे जुळलंय. एक दिवस वाजवाल, आणि मग जन्मभर ह्या हाताने साधी बाटली उघडता येणार नाही."

"मग डावा हात कोण वाजवणार?"

"मी वाजवीन," ती म्हणाली.

बोलून बसली खरी! लहानपणी मावशीने तिला पियानो शिकवला होता, शाळा संपेपर्यंत. त्यानंतर घरातला कीबोर्ड जो कपाटावर गेला तो गेलाच. पण तो तिच्याकडे असा काही बघत होता, की शब्द मागे घेणं जमलं नाही. मोठ्या मॅडमचं क्लिनिक होतं. त्यांनी दोन दिवस हे नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची फाइल स्वतःकडे ओढून घेतली. पेशंटचं मनगट बघताना लाजायचं नसतं, एवढंच त्या म्हणाल्या.

बँडची सरावाची खोली टायरच्या दुकानाच्या वर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि खालून रबराचा वास. एकाच बाकावर दोघं बसायचे, ती डावीकडे आणि तो उजवीकडे. तिचा डावा हात खालचे सूर वाजवायचा, त्याचा उजवा वरचे. मध्ये उरायचा त्याचा तो दुखरा हात. त्याला कुठे ठेवावं हे त्यालाच कळायचं नाही, म्हणून तिने हुकूम सोडला, खिशात. मधल्या काळात ताईनेही एक हुकूम सोडला होता. एका बाकावर बसून अहो-जाहो करणाऱ्यांना आपण ठेका देणार नाही. तेव्हापासून तो तिला 'तू' म्हणायला लागला, आणि ती... ती आठवडाभर त्याला काहीच न म्हणता बोलत राहिली.

पण गत काही केल्या बसेना. दिवसभर पेशंटना दहापर्यंत मोजून दाखवणारी ती. सात झाले की तिच्या मनात आठ यायचाच, मनाबरोबर बोटही पडायचं, आणि त्याचा उजवा हात समेवर एकटाच जाऊन उभा राहायचा. घरी तर आणखीच गंमत. कपाटावरून उतरवलेल्या कीबोर्डवर ती रात्रंदिवस तेच घोटायची, आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अगं, तुझी गाडी रोज त्याच वळणावर का बंद पडते?" पुढे पुढे तर आईला ते चुकीचंच पाठ झालं. पोळपाट पुसताना ती आठव्या ठोक्यावर न चुकता मान डोलवायची.

कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले असताना ते घडलं. ती चुकली, आणि त्याचा डावा हात खिशातून निघून सुरांवर कोसळला. त्याने तो मुद्दाम काढला नव्हता. तीन वर्षांची सवय होती, ती अशी थोडीच ऐकणार? त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पटकन मनगट हातात घेतलं, हळूच फिरवून पाहिलं. मोडलं नव्हतं, पण ती उठलीच.

ती बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. तो मागोमाग आला, तेव्हा ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "मी नाही वाजवत. मी चुकले की तुझा हात सुटणार. माझ्या आठपायी तो कायमचा जाईल... ती गत काढून टाका कार्यक्रमातून."

शेवटी एकदाचं 'तुझा' म्हटलं तिने, आणि तेही असं!

तो जिन्याच्या कठड्यावर उजव्या हाताने ठोके द्यायला लागला. "तू पेशंटना दिवसभर काय सांगतेस गं? ते वाक्य?"

"कुठलं?"

"हळू – हळू – हात उचला." उच्चाराच्या प्रत्येक तुकड्याला कठड्यावर एक ठोका, ह-ळू, ह-ळू, हात-उच-ला. दोन, दोन आणि तीन. "मोज."

तिने ओठातल्या ओठात मोजलं. सात. पुन्हा मोजलं, तरी सातच.

"पहिल्या दिवसापासून तू मला सातच शिकवते आहेस," तो म्हणाला. "आकडे सोड. आकड्यांना पुढे जायची खोड असते. तू फक्त पेशंटशी बोल."

तिने डोळे पुसले आणि कठड्यावर बोटं ठेवली. हळू – हळू – हात उचला. हळू – हळू – हात उचला. खालचा टायरवाला वर बघायला लागला, तरी ती थांबली नाही. आत परत गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच दोघं बरोबर समेवर आले, आणि ताईने काठ्या खाली ठेवून नुसतं "बरं" म्हटलं. तिच्या तोंडून बरं निघणं म्हणजे पदकच होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी छोटं नाट्यगृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत आई, नवी साडी नेसून, मांडीवर पर्स ठेवून. मोठ्या मॅडम तिच्या शेजारी. दिवे मंद झाले, ताईने काठ्या आपटल्या आणि गत सुरू झाली. हळू – हळू – हात उचला... सगळं लोण्यासारखं चाललं होतं. कठीण जागाही जवळ आली, आणि तिने एकदाच समोर पाहिलं.

आई मान डोलवत होती. अगदी तल्लीन होऊन, मनापासून, आणि नेमकी आठव्या ठोक्यावर!

झालं. तिचं बोट अडखळलं. एक ठोका हवेत राहिला, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, त्याचा डावा हात खिशातून बाहेर येतोय.

आईकडे बघायचं नव्हतं. सुरांकडेही नाही. तिने सरळ त्या हाताकडे पाहिलं, आणि क्लिनिकमध्ये सांगते तितक्याच शांतपणे, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "हळू... हळू... हात उचला."

हात हवेतच थांबला. वाक्य संपलं तिथे तिला तिची जागा सापडली. ताईने मागून एक झांज अशी काही मारली, की राहिलेला ठोका मुद्दाम ठेवल्यासारखा वाटला. त्याचा हात हळूहळू खाली आला, खिशात गेला नाही, तिच्या शेजारी बाकावर टेकला. पुढची सगळी वळणं दोघांनी मिळून घेतली आणि शेवटच्या समेवर दोघं एकदमच पोचले.

टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. उठून वाकायचं होतं, पण तो उठेना. त्याचा तो डावा हात तिच्या हातावर आला होता.

"ऐक," तो म्हणाला, आणि पायाने जमिनीवर ठेका धरला. "मला – तू खूप – आवडतेस."

सवयीप्रमाणे तिने मोजलंच. दोन, दोन, तीन. तोवर त्याने तिची बोटं मुठीत धरली आणि दाबायला लागला. एक. दोन. त्या चेंडूसारखीच. पकड अजून कच्ची होती, पण थरथरत नव्हती. पाच. सहा. सात.

आता थांबेल, तिला वाटलं. त्याच्या सातनंतर एकच येतो.

त्याने डोळे मिटले नाहीत. आठ. नऊ. दहा.

"जमलं की," ती म्हणाली. आवाज जरासा फुटलाच तिचा. "मलाही आवडतोस तू. किती ते मोजू नकोस..."

त्याची एक भुवई वर गेली, आणि ह्या वेळी तिच्या मागोमाग दुसरीही. ताई मागून सांगत होती, की लोक उभे राहिलेत, तुम्हीही जरा उठा. दोघं उठले, हात न सोडताच वाकले. समोर आई डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.